घाणेरी मुळासकट काढायची आहे: तरफेचं अवजार की कुदळ?

माळरान
मुळशीकडे दोन एकरांचा उतार आहे. वरचा भाग मुरमाड, खाली ओढ्यालगत तांबडी माती. दोन्हीकडे घाणेरी (लँटाना) माजली आहे. बुंधे अंगठ्यापासून मनगटाच्या जाडीपर्यंत. कोयत्याने छाटून उपयोग होत नाही, एका बुंध्याला पाच फुटवे येतात. खाली विहीर आहे, त्यामुळे तणनाशक मारायचं नाही.

परदेशात झुडपं उपटायचं हाताचं अवजार मिळतं. चार-पाच फुटी दांडा, खाली लोखंडी जबडा. बुंधा जबड्यात धरून दांडा मागे ओढला की झुडूप मुळासकट वर. मागवायचं तर वाहतूक आणि आयात शुल्क धरून फार महाग पडतं. गावच्या वेल्डरकडून करून घेता येईल का? आपल्या मातीत चालेल का? आणि मुळात घाणेरीला त्याची गरज आहे, की कुदळच बरी?

निर्गुडी
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, बाकी सगळं त्यावरच ठरतं. घाणेरी फुटते कुठून ते आधी पाहा. खोड संपून मूळ सुरू होतं त्या सांध्यावर एक गाठाळ गड्डा असतो, थोडा मातीच्या वर, थोडा खाली. फुटव्यांचे डोळे त्या गड्ड्यावर. त्याखालचं मूळ जमिनीत राहिलं तरी सहसा फुटत नाही. म्हणून अख्खं मूळ निघायचा हट्ट नको, पण गड्डा पुरता बाहेर आलाच पाहिजे. अर्धा राहिला तर छाटणी केल्यासारखंच.

दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू यांनी बसवलेली आणि कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात वापरली गेलेली पद्धत याच तत्त्वावर आहे. गड्ड्याच्या खाली मुख्य मूळ कुदळीने तोडायचं, झुडूप उचलायचं आणि मुळं वर करून उलटं ठेवायचं. यंत्र नाही, औषध नाही.

बांधावरचा
निर्गुडीताईंना दुजोरा. कुदळीला पर्याय नाही. तरफेचं अवजार नऊ-दहा किलोचं, ते खांद्यावर घेऊन चढ चढायचा, प्रत्येक बुंध्याशी मांडायचं, काढायचं. हात बसलेला गडी तेवढ्यात कुदळीचे चार घाव घालून मोकळा होतो. आणि मुरमात बुंधा खडकाच्या भेगेत शिरलेला असला तर तरफ काय करणार? बुंधा मोडतो, गड्डा खाली तसाच.

लोहारआळी
भेगेतल्या बुंध्याबद्दल बरोबर आहे. बाकी सरसकट नाही. हात बसलेला गडी दिवसभर मिळणं हीच आज मोठी अडचण आहे. शनिवार-रविवारी येणाऱ्या नवख्या माणसाच्या हातात कुदळ दिली की तो एकतर गड्ड्याच्या वर घाव घालतो, नाहीतर तासाभरात कंबर धरून बसतो. तरफेला वाकावं लागत नाही आणि गड्डा निघाला की नाही ते डोळ्यांसमोर दिसतं.

माळरान, वेल्डरकडून नक्की करून घेता येईल. मापं देतो, लिहून घ्या.

दांडा: सव्वा इंची सी क्लास पाइप, लांबी १२० सेंमी. एवढा तुकडा साडेचार किलोच्या आसपास भरतो. वजन वाचवायला एक इंची पाइप घेऊ नका, जोर लावला की वाकतो, आणि एकदा वाकलेला पाइप सरळ केला तरी पुन्हा तिथेच वाकतो.

जबडा: ५० बाय १० मिमीची पट्टी. एक जबडा तळाच्या पट्टीला पक्का, दुसरा दांड्याबरोबर हलणारा. हलणाऱ्या जबड्याची जागा अशी ठेवायची की दांडा मागे ओढताना आधी तो मिटेल आणि पकड बसल्यावर मगच सगळं अवजार टाचेवर, म्हणजे तळपट्टीच्या मागच्या कडेवर, उलटायला लागेल. यातच सगळी मेख आहे. जितकं ओढाल तितकी पकड घट्ट झाली पाहिजे. हे जमलं नाही तर अवजार नुसतं बुंध्यावरून सरकत राहील.

तळपट्टी: २०० बाय १५० मिमी, ८ मिमी जाड. मागची कड थोडी गोल वळवून घ्या, म्हणजे टाच जमिनीत न रुतता लोळते.

खीळ: १६ मिमीचा हाय टेन्साइल बोल्ट, नायलॉकचा, म्हणजे आपोआप सैल न होणारा नट. भोकं ड्रिलने पाडायची, गॅसने कापायची नाहीत. गॅसचं भोक खडबडीत होतं, बोल्ट हलतो आणि महिन्याभरात जबडे एकमेकांवर नीट बसत नाहीत.

आता जोराचा हिशेब. टाचेपासून जबडा १० सेंमी, हात १२० सेंमीवर. बारा पट. ३० किलोचा जोर लावला की बुंध्यावर साडेतीनशे किलोच्या पुढे ताण येतो, घर्षणात थोडा जातो. पण याची दुसरी बाजू लोक विसरतात. दांडा सव्वा मीटर फिरवल्यावर जबडा जेमतेम १० सेंमी उचलला जातो. एका ओढीत मूळ निघालं नाही तर पकड सोडायची, अवजार खाली सरकवायचं आणि पुन्हा धरायचं.

गवतफुला
वाचनखूण साठवली. दातांबद्दल राहिलं, लोहारआळी. जबड्याला दाते हवेत की सपाट?

लोहारआळी
दाते हवेत, पण बोथट. घाणेरीची साल पातळ आणि पावसाळ्यात रसरशीत. टोकदार दात सालीत घुसून ती सोलून काढतात आणि आतल्या गुळगुळीत लाकडावरून जबडा घसरतो. पट्टीवर ग्राइंडरने ३-४ मिमी खोल आडव्या खाचा मारल्या तरी पुरे. खाचांत साल आणि चिखल अडकतो, दर दहा-बारा झुडपांनंतर खिळ्याने खरवडून काढा.

मिनेसोटाकर
इकडे मिनेसोटात बकथॉर्न नावाचं युरोपातून आलेलं झुडूप जंगलांत घुसलं आहे. ते काढायला स्वयंसेवक हेच अवजार वापरतात. पूर्वी वीड रेंच नावाचं प्रसिद्ध होतं, त्याचं उत्पादन बंद झालं. त्याशिवाय अपरूटर, पुलरबेअर, एक्स्ट्रॅक्टिगेटर अशी वेगवेगळी निघाली. दक्षिण आफ्रिकेत ट्री पॉपर नावाचं आहे, तिथे ऑस्ट्रेलियन बाभळी उपटायला वापरतात. तत्त्व सगळ्यांचं एकच, लोहारआळींनी सांगितलं तेच.

वापरताना जे चुकतं ते सांगतो, कारण अवजार चांगलं असूनही लोक पहिल्या दिवशी वैतागतात.

पहिली चूक म्हणजे उंच पकडणं. बुंधा जमिनीला टेकतो तिथला पालापाचोळा पायाने बाजूला करून जबडा जितका खाली नेता येईल तितका न्यायचा. वीतभर वर धरलं तर ताण मुळावर न येता खोडावर येतो आणि ते मध्येच मोडतं.

दुसरी चूक, झटका देणं. हळू आणि सलग ओढायचं. बारीक मुळं तुटताना जमिनीतून तड-तड असा आवाज येतो आणि मातीला बुंध्याभोवती गोल चीर पडते. चीर दिसली की थांबा, दांडा सैल सोडा, समोरच्या बाजूने अवजार लावून पुन्हा ओढा. दाताचे डॉक्टर दाढ आधी दोन्हीकडे हलवून सैल करतात आणि मग काढतात, अगदी तसंच. एकाच बाजूने जोर लावत राहिलं तर गड्डा चिरतो.

तिसरी चूक: दोघांनी मिळून दांड्याला लटकणं. एकाच्या जोराने निघत नसेल तर ते झुडूप या अवजाराचं नाही. तिथे कुदळ किंवा पहार.

बांधावरचा
मिनेसोटाकर, बकथॉर्न एका सोटाचं असेल. घाणेरीचे एका गड्ड्यातून सात-आठ सोट निघतात आणि तेही वेलीसारखे एकमेकांत गुंतलेले. जबड्यात त्यातला एक धरणार, तो उपटून हातात येणार, बाकीचे जागेवर. हा प्रश्न सुटल्याशिवाय तरफेची तरफदारी पटत नाही.

निर्गुडी
रास्त शंका आहे. उपाय दोन आहेत.

दोन्हीत आधी वरचा पसारा उतरवायचा. कोयत्याने सगळे सोट गुडघ्याएवढे ठेवून छाटा. जमिनीलगत कधीही छाटू नका, मग धरायलाच काही उरत नाही. पसारा बाजूला झाला की गड्डा नीट दिसतो. सोट बोटाएवढे असतील तर दोन-तीन मिळून एका जबड्यात मावतात, मधले जाड निवडायचे. मोठ्या गड्ड्याला ८ मिमीची साखळी सगळ्या सोटांभोवती जमिनीलगत दोन वेढे घालून आवळायची आणि साखळीची कडी जबड्यामागच्या हुकात अडकवायची. साखळी ओढीबरोबर घट्ट होत जाते आणि ताण सगळ्या गड्ड्यावर सारखा येतो. लोहारआळी, तुमच्या मापांत हा हुक धरून घ्या.

तरीही मनगटाएवढ्या बुंध्यांना मी कुदळच म्हणेन. साधारण ४ सेंमी जाडीपर्यंत तरफ, त्यापुढे कुदळ. आणि करंगळीपेक्षा बारीक रोपं ओल्या मातीत हातानेच निघतात, तिथे अवजार मांडणं म्हणजे वेळेची नासाडी.

बांधावरचा
साखळीचं पटलं. मधल्या जाडीची घाणेरीच सगळ्यात जास्त असते हेही खरं. एवढ्यापुरती माझी हरकत मागे.

तोरणजाळी
एक जीवघेणी गोष्ट कुणीच लिहिली नाही. घाणेरीच्या जाळीत घोणस असते. कोकणाकडे फुरसं. हात घालण्याआधी लांब काठीने जाळी हलवा, दगड उलटायचे असतील तर पहारीने, आणि गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालूनच आत शिरा. खोड चौकोनी असतं, कडांवर मागे वळलेले बारीक काटे. कापडी हातमोज्यांतून ते आरपार जातात, चामडी घ्या. बुलबुलांची घरटी याच जाळ्यांत असतात. अंडी-पिल्लं दिसली तर ती जाळी महिनाभर सोडा, कुठे पळून जात नाही.

सातबारा
उपटायचं कधी, यावर आता बोलूया. सगळे म्हणतात पावसाळ्यात, माती ओली असते म्हणून. पण माळरान यांची जमीन उताराची आहे. आषाढात दोन एकरांवरची झुडपं उपटली तर प्रत्येक जागी टोपलीभर खड्डा, मोकळी माती, आणि पहिल्याच मोठ्या सरीत ती ओढ्यात. घाणेरी गेली आणि जमीनही गेली. त्यापेक्षा उन्हाळ्यात कुदळ चालवा.

कातळसडा
उन्हाळ्यात मुरूम दगडासारखा होतो. त्यात तरफ लावली की खोड मोडतं, कुदळ मारली की ठिणग्या. काळ्या मातीची वेगळीच तऱ्हा: उन्हाळ्यात भेगाळलेली, पावसात इतकी चिकट की अवजाराची टाच घोट्यापर्यंत रुतते. तिथे टाचेखाली फूटभर लांबीरुंदीची जाड फळी घातल्याशिवाय काम होत नाही.

माझ्या मते योग्य वेळ पाऊस ओसरल्यावरची. भाद्रपद-आश्विन. जमिनीत वीतभर ओल असते, मुसळधार सरी संपलेल्या असतात. जुलैमध्ये करायचंच असेल तर समतल रेषेत पट्टे पाडा. एक दहा फुटी पट्टा काढायचा, खालचा दहा फुटी तसाच ठेवायचा, तो माती अडवतो. पहिल्या पट्ट्यात गवत धरलं की पुढच्या वर्षी दुसरा. खड्डा लगेच पायाने दाबून बुजवायचा, त्यावर पालापाचोळा आणि गवताचं बी. पवन्या, मारवेल, डोंगरी, जे तुमच्या भागात आहे ते.

सातबारा
पट्ट्यांची कल्पना मान्य. आश्विनही मान्य. पण तोवर घाणेरीला फळं धरलेली असतात ना?

कातळसडा
असतात. म्हणून उपटण्याआधी फळांचे घोस तोडून गोणीत भरायचे. हिरवी असोत की काळी, सगळी. फळांसकट झुडूप ओढत नेलं तर वाटभर बी पेरत जाल. गोणी उघडी ठेवू नका, बुलबुल आणि साळुंक्या टपलेल्याच असतात, आणि घाणेरी एवढी पसरली आहे ती मुख्यतः पक्ष्यांच्या विष्ठेतून.

फुलपाखरी
मला सगळी घाणेरी काढण्याबद्दलच विचारायचं आहे. तिच्या फुलांवर किती फुलपाखरं असतात ते पाहिलंय का? इतर फुलं नसतात तेव्हा मध कुठून मिळणार त्यांना?

निर्गुडी
प्रश्न योग्य आहे. मध मिळतो हे खरं. पण फुलपाखराला मधाइतकीच अंडी घालायला झाडं लागतात, सुरवंटाला पानं लागतात, आणि घाणेरीची पानं आपल्याकडच्या बहुतेक सुरवंटांना चालत नाहीत. तिच्या दाट सावलीत गवत आणि देशी रोपं उगवणं थांबतं, म्हणजे सुरवंटांचं अन्न जातं. गुरंही ती सोडतात, आणि चुकून खाल्लीच तर यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते. १८०९ च्या सुमारास ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात शोभेची म्हणून आणली. तिथून निघालेल्या झुडपाने आज डोंगरच्या डोंगर व्यापले आहेत. मनापासून सांगते, एकदा तिच्या जाळीखाली वाकून पाहा. वर फुलांचा बहर आणि खाली नुसती उघडी माती.

मधाची सोय करता येते. सगळं एकदम न काढता पट्ट्यांनी काढा आणि मोकळ्या पट्ट्यात धायटी, निर्गुडी, करवंद, भारंगी लावा.

फुलपाखरी
पट्ट्यांनी काढायचं असेल तर माझा विरोध नाही. भारंगी नक्की लावा.

कोकणकडा
थोडं अवांतर. हेच अवजार रानमोडी, गिरिपुष्प, सुबाभूळ यांना चालेल का?

लोहारआळी
रानमोडीला गरज नाही, तिची मुळं वरवरची आणि तंतुमय. ओल्या जमिनीत बुडाशी धरून हातानेच उपटते. फक्त फुलं येण्याआधी काढा, तिचं बी वाऱ्यावर उडतं.

सुबाभळीच्या रोपांना तर हे अवजार अगदी नेमकं. सोटमूळ सरळ खाली जातं, हाताने ओढलं की मानेशी तुटतं आणि पुन्हा फुटतं. पेन्सिलीच्या जाडीपासून अंगठ्याच्या दुप्पट जाडीपर्यंत तरफेने सरळ वर येतं. त्यापेक्षा मोठं झाड असेल तर नाही.

गिरिपुष्पाची लहान रोपं निघतात. पण छाटलेली फांदी ओल्या मातीत पडू देऊ नका, ती मुळं धरते. कुंपणाला तिचे खुंटच रोवतात ते उगाच नाही.

वेड्या बाभळीला मात्र कुदळच. ती जमिनीखालच्या मुळाच्या वरच्या भागातूनही फुटते, त्यामुळे वीतभर खोल खणून मूळ तोडावं लागतं. आणि तो काटा साध्या बुटाच्या तळव्यातून आत जातो.

गवतफुला
उपटलेल्या घाणेरीचं काय करायचं? जाळून टाकली तर?

तोरणजाळी
जागेवर जाळू नका. वणव्यानंतर मोकळ्या झालेल्या जमिनीत घाणेरीच सगळ्यात आधी परत येते, आणि मधलं गवत, देशी रोपं तेवढी मरतात. पावसाळ्यात उपटलेलं झुडूप ओल्या जमिनीवर आडवं टाकलंत तर पेरांतून पुन्हा मुळं फुटतात. म्हणून मुळं आकाशाकडे करून खडकावर किंवा झाडाच्या बेचक्यात ठेवा. मुळांना चिकटलेली माती आधी झटका, तिच्यात ओल टिकते. पंधरा दिवस उघडीप मिळाली की काम झालं. वाळलेल्या सोटांचं कुंपण चांगलं होतं. कर्नाटकात आणि निलगिरीत त्यांचं फर्निचर, अगदी खऱ्या आकाराचे हत्तीसुद्धा करतात. साल काढलेला सोट वाळवीलाही चांगला टिकतो.

माळरान
सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं नेमकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मला कळलं ते असं: आश्विनात, वरून खाली समतल पट्टे, करंगळीएवढं हाताने, ४ सेंमीपर्यंत तरफ, पुढे कुदळ. दोन शंका राहिल्या. उतारावर अवजार कोणत्या दिशेने लावायचं? आणि एकदा काढल्यावर पुन्हा कधी पाहायचं?

मिनेसोटाकर
उताराला आडवं लावा. चढाकडे तोंड करून खाली ओढलं आणि बुंधा मोडला तर माणूस दांड्यासकट गडगडत जातो. चढाकडे ओढलं तर धोका कमी, पण दांडा लवकर जमिनीला टेकतो आणि उचल अर्धीच मिळते. आडवं लावताना खालच्या बाजूचा पाय दगडाला टेकवून उभे राहा. मागे कुणी उभं नाही ना, हे दर वेळी पाहायचं.

निर्गुडी
पुन्हा पाहणी पहिल्या पावसानंतर चार-सहा आठवड्यांनी, म्हणजे श्रावणात. माती हलली की जमिनीतलं जुनं बी उगवतं, त्यामुळे मोकळ्या पट्ट्यात रोपांचा गालिचा दिसेल. घाबरू नका, पद्धत फसली असा अर्थ नाही. पान चोळून वास घ्या, खरखरीत पान आणि उग्र वास म्हणजे घाणेरी. चार-सहा पानांची असताना चिमटीत धरून निघते. दिवाळीच्या आसपास दुसरी फेरी. असं किमान तीन पावसाळे, सलग. पक्षी शेजारच्या डोंगरावरून बी आणत राहणार, त्यामुळे मोठ्या झाडांखाली, जिथे ते बसतात, तिथे आधी बघा. आणि शेजारची जमीन वनखात्याची असेल तर तिथे परवानगीशिवाय हात लावू नका, घाणेरी असली तरी.

लोहारआळी
माळरान, वेल्डरकडे जाताना घाणेरीचे तीन तुकडे घेऊन जा: करंगळीचा, अंगठ्याचा आणि ४ सेंमीचा. जबडा तिन्हींवर मिटतो का ते बोल्ट घालून, वेल्डिंग पक्कं करण्याआधी, टाके मारूनच पाहा. करंगळीवर जबडा पूर्ण मिटला आणि तरी दांडा उभाच असला तर मापं बरोबर. दांडा आधीच आडवा व्हायला लागला तर हलणाऱ्या जबड्याची खीळ १० मिमी पुढे घ्या. दांडा आणि जबडा जिथे जुळतात तिथे दोन्ही बाजूंनी तिकोनी पट्टी मारायला सांगा, तडा पहिला तिथेच जातो.

माळरान
तिकोनी पट्टी किती जाडीची?

लोहारआळी
६ मिमी. आणि रंग भडक पिवळा किंवा नारिंगी द्या. हिरवा दिलात तर गवतात ठेवलेलं अवजार संध्याकाळी सापडणार नाही.